व्हिएन्नात, घोंगडीखाली

कोल्हारला सुपारी फुटली तेव्हा नवरा मुलगा व्हिएन्नात होता. त्याला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला सुचलंही नाही, आणि खरं सांगायचं तर बैठकीतल्या कुणालाच सुचलं नाही. मुलगा माझा धाकटा भाऊ. आई-वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी एकोणीस. त्याची शाळा, बोर्डिंग, पुण्याचं इंजिनिअरिंग, सगळं मीच ठरवत आलो होतो. मग लग्नही मीच ठरवणार, यात कुणाला वावगं वाटावं असं काही नव्हतं.

मी बैलांचा व्यापारी. घर सोनईला, धंदा घोडेगावच्या बाजारात. दुसऱ्याची जनावरं हाकून सुरुवात केली आणि पुढं माझ्या दावणीला एका वेळी वीस-वीस जोड्या उभ्या राहिल्या. बाजारात माझा राग जसा सगळ्यांना माहीत होता तसा शब्दही माहीत होता. कागद मी कधी केला नाही. ‘दिली’ म्हटलं की जोडी त्याची, मग मागून कुणी सोन्याची शिंगं घेऊन आला तरी. कोल्हारच्या पाहुण्यांनी याच शब्दावर मुलगी देऊ केली. मुलगी मॅट्रिक झालेली, घर प्रवरेकाठचं बागायती. साखर कारखान्यात इंजिनिअरची जागा होती, तिथंही मी बोलून ठेवलं होतं.

हे सगळं मी भावाला पत्रानं कळवलं. साखरेच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला म्हणून तो दोन वर्षांसाठी गेला होता, त्याची पाच झाली होती. त्याचं उत्तर महिन्यानं आलं. लग्नाबद्दल एक अक्षर नाही. ‘दादा, तुम्ही एकदा या. तुम्हाला शहर दाखवायचं आहे,’ एवढं, आणि मागोमाग विमानाचं तिकीट.

माझी चूक इथंच झाली. बाजारात ‘या, एकदा बघून जा’ म्हणणारा माणूस विकायला तयार असतो. मी त्या पत्राचा तसाच अर्थ लावला. बायकोला म्हटलं, “तयार हाय गडी. नुसता मान मागतोय. मोठ्या भावानं जाऊन आणावं असं वाटतंय त्याला.”

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तसं ल्हिलंय का त्यात?”

“लिहायला कशाला पायजे? मला वाचता येतं.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती लग्न होऊन आली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा, तिच्या पदराला धरून हिंडायचा. पुढं आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तिचं सगळं त्याच्यात होतं. निघायच्या दिवशी तिनं शेंगदाण्याची चटणी, लसूण, बाजरीचं पीठ आणि एक घोंगडी बांधून दिली. घोंगडी त्याचीच, लहानपणची, काळी, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. मी म्हटलं, त्या देशात लोक राजासारखे झोपतात, ही कशाला? ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वझं व्हतंय?”

एकाहत्तर सालचा दसऱ्याचा बाजार उरकून मी निघालो. धोतर, कोट, पटका आणि हातात घोंगडीचं बोचकं. व्हिएन्नाच्या विमानतळावर भाऊ समोर आला आणि तिथंच, त्या चकचकीत फरशीवर, वाकून पाया पडला. सगळे बघत होते. मला इतकं बरं वाटलं की मनात म्हटलं, झालं काम.

चार दिवसांची त्याला सुटी होती. त्यानं कागदावर रोजचं ठरवून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी उंच शिखराचं मोठं चर्च, छपरावर रंगीत कौलांची नक्षी. दुसऱ्या दिवशी राजाचा उन्हाळी राजवाडा, त्यात इतक्या खोल्या की मी मोजायचं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी भलाथोरला पाळणा. आपल्या जत्रेत असतो तसाच, पण प्रत्येक पाळण्याच्या जागी रेल्वेच्या डब्याएवढी लाकडी खोली, खिडक्यांसकट. वर गेल्यावर सगळं शहर दिसलं, नदी दिसली. भाऊ एकेक गोष्ट बोटानं दाखवून सांगत होता. कोणत्या राजानं काय बांधलं, लढाईत काय पडलं, पुन्हा कसं उभं केलं. चांगलं सांगायचा. ऐकत राहावं असं. मधूनच मी बोटांच्या खुणांनी घासाघीस करून एक शाल घेतली, भाजलेल्या शेंगांसारखं काहीतरी घेतलं.

पण मी धंद्यातला माणूस. बैल विकणारा शिंगं रंगवून, झूल घालून जनावर पुढ्यात उभं करतो. घेणाऱ्यानं ते बघायचं नसतं, मागं जाऊन खूर बघायचे असतात. तीन दिवस भाऊ मला झूल दाखवत होता. कोल्हारचं नाव काढलं की ट्राम यायची, नाहीतर चर्चची घंटा वाजायची, नाहीतर तो म्हणायचा, “दादा, ते डावीकडे बघा.”

पाळण्यात आम्ही दोघंच होतो. खोली अगदी वर जाऊन थांबली तेव्हा मी विचारलं, “मार्गशीर्षातली तीथ धरू का?”

तो खिडकीतून खाली बघत म्हणाला, “वहिनी आल्या असत्या तर घाबरल्या असत्या, नाही?”

“म्या काय इचारलं?”

“ऐकलं मी, दादा.”

तेवढ्यात खोली खाली यायला लागली.

त्याच दुपारी त्यानं पांढरे घोडे दाखवले. गाण्याच्या तालावर पाय टाकणारे, मोठ्या झुंबरांच्या दिवाणखान्यात. माझे डोळे आपोआप त्यांच्या गुडघ्यांवर गेले. जनावर निर्दोष होतं. भाऊ कानाशी म्हणाला, “हे जन्मतात तेव्हा काळे असतात. वय वाढतं तसे पांढरे होतात.” मी त्याच्याकडे पाहिलं. केस नीट मागं फिरवलेले, गळ्यात मफलर, हातात हातमोजे. आमच्या गोठ्यात शेणात पाय घालून उभा राहणारा पोरगा तो हाच का, असं मनात आलं.

चौथ्या दिवशी सकाळी तो मला जुन्या वस्तूंच्या बाजारात घेऊन गेला. तिथं मात्र माझा जीव रमला. रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून माणसं बसली होती. तुटकी घड्याळं, कपबश्या, चित्रं, पितळी दिवे. एका म्हातारीच्या टेबलावर गाईच्या गळ्यातली घंटा दिसली. त्यांच्या डोंगरातल्या गाईंची, आपल्या बैलांच्या गळ्यातल्या घाटीपेक्षा दुप्पट मोठी. मी नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. घट्ट धातू, स्वच्छ नाद. बायकोच्या लाडक्या गाईला शोभेल असं वाटलं.

म्हातारी तोंडात सिगारेट धरून बसली होती. तिनं दोन्ही पंजे दाखवले. मी चार बोटं दाखवली. ती हसली, मान हलवली, नऊ केली. मी घंटा खाली ठेवून दोन पावलं पुढं गेलो, ती हाका मारायला लागली. मी परत आलो. तिनं आठ केली, सात केली. भाऊ मध्ये पडायला लागला, त्याला मी हातानं गप्प केलं. शेवटी पाच बोटांवर सौदा पटला. एक शब्द भाषेचा न येता मी व्हिएन्नाच्या बाजारात निम्म्या किमतीत घंटा घेतली होती! तिथं मला स्वतःची पुरती ओळख पटली. घंटा वाजवतच निघालो. भावाला म्हटलं, “बघितलंस? माणूस सगळीकडं सारखाच. फकस्त डोळ्यात बघता आलं पायजे.”

तो म्हणाला, “तुम्ही पुढं व्हा दादा, मी आलोच.”

दहा-वीस पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की चष्म्याचं घर टेबलावरच राहिलं. मागं वळलो. भाऊ त्या म्हातारीच्या हातात नोटा देत होता. तिनं त्याच्या गालावर थोपटलं, काहीतरी बोलली, दोघं हसली.

माझ्या कानशिलातून आग निघाली. जाऊन विचारलं, “काय दिलंस तिला?”

तो दचकला. मग म्हणाला, “उरलेले पैसे.”

“कसले उरलेले? सौदा झाला व्हता!”

“दादा, ती पहाटेपासून थंडीत बसते इथं.”

“आन मी काय गादीवर लोळत व्हतो का रं? उन्हातान्हात गुडघे झिजले माझे, तवा तू इथवर आला! मफलर घालून उभा हाय!” माझा आवाज चढला होता. माणसं थांबून बघत होती. “काल शाल घेतली तवा? परवा ते भाजलेल्या शेंगावाणी व्हतं ते घेतलं तवा?”

तो खाली बघत राहिला. तेव्हा कळलं. चार दिवस मी जिथं जिथं घासाघीस करून जिंकलो होतो तिथं तिथं तो मागं राहून पुरे पैसे देऊन आला होता.

“तू कुनाच्या बाजूनं उभा हाय?” मी विचारलं.

“इथं बाजू नसतात, दादा.”

“ती काय म्हनली तुला? हसत व्हती ती.”

त्यानं मफलर सारखा केला. “म्हणाली, तुमचे वडील छान आहेत. मी तिला वडील म्हणून सांगितलं होतं.”

दुसऱ्या कुठल्या वेळी हे ऐकलं असतं तर मी तिथंच रडलो असतो. पण राग माझा एकदा सुटला की वेसण तुटलेल्या खोंडासारखा. मी घंटा म्हातारीच्या टेबलावर आदळली आणि चालायला लागलो. कुठं जायचं ते माहीत नव्हतं. तो मागून येत होता, दहा पावलांवरून, लहानपणी मी मारल्यावर यायचा तसा.

चालत चालत आम्ही राजवाड्याच्या बागेत आलो. चेस्टनटची झाडं पिवळी पडली होती. त्यांची काटेरी फळं वाटेवर फुटून पडली होती. मी एका बाकावर बसलो. तो येऊन शेजारी बसला. मी न बघता म्हणालो, “चार दिस गाव दाखवतोस. उत्तर कवा दाखवनार?”

“सुपारी फोडली तेव्हा मला विचारलंत?”

“इचारायचं काय त्यात? शाळेत घातला तवा इचारलं व्हतं? पुण्याला धाडला तवा इचारलं व्हतं?”

“नाही,” तो म्हणाला. “तेच म्हणतोय मी.”

मी पायानं एक काटेरी फळ बाजूला सारलं. मग तोच सावकाश बोलायला लागला. “दादा, तिथं मी बाजारातून चाललो की लोक म्हणतात, ह्यो त्यांचा भाऊ. मी पास झालो की तुमचं नाव होतं. नापास झालो असतो तरी तुमचंच गेलं असतं. माझं त्यात काही नव्हतं. इथं मला कोणी ओळखत नाही. खोली थंड आहे, जेवण बेचव आहे, पण सकाळी उठून काय करायचं ते मी ठरवतो. तुम्ही केलं ते मी विसरलो नाही. पण...” पुढचं त्याला सापडेना.

“कुनी बाई हाय का इथं?” मी विचारलं.

“नाही.”

“असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडलो असतो.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

वारा सुटला होता. माझ्या धोतरातून गारठा शिरत होता. विमान संध्याकाळी होतं म्हणून बोचकं सकाळपासून त्याच्या खांद्यावरच होतं. घोंगडी मी आल्या दिवशी त्याला दिली होती. त्या सकाळी त्यानं ती परत माझ्या सामानात घातलेली मला दिसली होती, आणि त्याचाही सल मनात होताच. त्यानं आता बोचकं सोडलं, घोंगडी काढली आणि दोघांच्या गुडघ्यांवर पांघरली. कुरतडलेला कोपरा त्याच्या बाजूला आला.

आमच्याकडे जनावराची किंमत तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हात पुढं करतात, वर उपरणं टाकतात आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरून बोली लावतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं असली तरी सौदा दोघांतच राहतो. भाऊ आठ वर्षांचा असताना मी त्याला हे शिकवलं. आम्ही घोंगडीखाली खेळायचो. तो चिंचोके विकायचा, मी घ्यायचो. एक गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायचो. बोली पटली नाही तर हात झटकायचा नाही. समोरच्याची बोटं हळू मिटवायची आणि त्याची मूठ त्याला परत द्यायची. झटकला की माणूस दुखावतो. मिटवून दिला की पुढच्या बाजाराला पुन्हा येतो.

मी घोंगडीखाली हात घातला आणि त्याचा हात शोधला. त्यानं हातमोजा काढला. मी एक बोट धरलं. एक वर्षानं परत ये. त्याला कळलं. त्याचे डोळे समोरच्या झाडांवर होते. त्यानं माझी बोटं सोडवली, एकेक करून मिटवली आणि मूठ माझ्याकडे सारली.

मी दोन बोटं धरली. त्यानं मिटवली. तीन धरली. मिटवली. आयुष्यभर मी समोरच्याला बोलायला लावून मग बोललो आहे. आपली बोली आपणच वाढवत नेणारा माणूस बाजारात वेडा ठरतो. त्या दिवशी मी तेच करत होतो, समोरचा एक शब्द बोलत नसताना. चार. मग पंजा. पंजाही त्यानं मिटवला. मी एकदा सोडून पुन्हा पंजा धरला, दोन पंजे, दहा वर्षं. म्हटलं नाही, पण मनात हिशेब आला की तोवर मी पंचावन्नचा होईन, चालेल. त्यानं दहाही मिटवली. पण या वेळी मूठ परत दिली नाही. दोन्ही हातांत धरून बसला. कितीतरी वेळ.

एक बाई छोटं कुत्रं घेऊन समोरून गेली. तिला आम्ही घोंगडी पांघरून बसलेले दोन गडी दिसले असतील, बाकी काही नाही.

विमानतळावर त्यानं पुन्हा पाया पडून नमस्कार केला. घोंगडी त्याच्या खांद्यावर होती. मी मागितली नाही, त्यानं दिली नाही.

मुंबईहून मनमाडपर्यंत रेल्वेनं आलो आणि तिथून नगरची एसटी धरली. वाटेत कोल्हार लागतं. घरी तोंड दाखवायच्या आधी तिथं उतरलो. मुलीचे वडील ओट्यावर बसले होते. मला बघून लगबगीनं उठले. “या पाव्हनं! कवा येतोय आमचा सायब?”

मी उभ्या उभ्याच सांगितलं, “येनार न्हाई. चूक माझी हाय. पोरीचं दुसरीकडं बघा.”

ते पुन्हा ओट्यावर टेकले. मग म्हणाले, “तुमच्या शब्दावर दोन स्थळं सोडली म्या.”

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, मोकळं झालो असतो. मीच ओरडलो, “मग भर बाजारात येऊन थुंका की माझ्या तोंडावर!”

ते म्हणाले, “बसा. च्या घ्या. लांबून आलाय.”

आत दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. चहा मुलीच्या आईनं आणला. मी तो प्यालो. त्या चहाची चव मला अजून आठवते, नको असताना.

सोनईला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. बायको चुलीपुढं होती. माझ्यामागं कुणी नाही हे तिनं एकदा बघून घेतलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली. मी खांबाला टेकून बसलो. तिनंच विचारलं, “घोंगडी?”

“त्यानं ठेवून घेतली.”

“थंडी लई हाय का तितं?”

“हाय.”

मी तिला सगळं सांगितलं. घंटेचं सांगितलं. त्यानं मला वडील म्हटल्याचं सांगितलं. बागेतल्या बाकाचं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. तव्यावर भाकरी टाकली होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं पिठाचा उजवा हात माझ्यापुढं केला.

“कसं केलं त्यानं, दावा बरं.”

मी म्हटलं, “काय दावायचं त्यात?”

“दावा.”

मी तिचा हात घेतला. करंगळीपासून सुरू केलं. एकेक बोट हळूच मिटवलं, त्यानं मिटवलं होतं तसं, आणि मूठ तिला परत दिली. तिनं ती छातीशी धरली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, धूर निघत होता. तिनं डाव्या हातानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, डाव्या हातानंच भाकरी उलटली. चटका बसला असणार. उजवी मूठ तिनं उघडली नाही.